ओल दिसते, प्रवाह दिसत नाही: मल्टिपल स्क्लेरोसिस, एमआरआय आणि विचारांचा वेग

सेलूजवळच्या एका गावातील जिल्हा परिषद शाळेवर शिकवणाऱ्या एक शिक्षिका मागच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरला माझ्याकडे बौद्धिक चाचणीसाठी आल्या, तेव्हा त्यांच्या पतीने पिशवीतून आधी एमआरआयच्या दोन फिल्म काढल्या, एक आदल्या वर्षीची आणि एक नवी, आणि त्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. "मॅडम, डाग वाढले नाहीत म्हणतेत," ते म्हणाले. "मग हिच्या ध्यानात का राहत नाही? परवा हजेरी घेता घेता मधीच थांबली, कुठवर आली तेच कळंना तिला." शिक्षिका काही बोलल्या नाहीत. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे सगळे ज्याला एमएस म्हणतात तो आजार आहे. त्यांचे चालणे जवळपास पूर्ववत झाले आहे, एका डोळ्याची गेलेली नजर बरीचशी परत आली आहे, आणि म्हणूनच घरात व शाळेत सगळ्यांचा समज असा झाला आहे की आजार आता गेला आणि उरलेले विसरणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

मज्जाविकाराच्या रुग्णांची स्मरणशक्ती, एकाग्रता आणि विचारांचा वेग तपासणे हे माझे रोजचे काम आहे, आणि या पतीने विचारलेला प्रश्न परभणीपासून धाराशिवपर्यंतच्या अनेक घरांतून माझ्यापर्यंत येतो. प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी फिल्मवरचा पांढरा डाग म्हणजे नेमके काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

मेंदू आणि मज्जारज्जूतील बहुतेक लांब चेतातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. हे आवरण असले की संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंतच्या वेगाने धावू शकतो; ज्या तंतूंवर ते मुळातच नसते, त्यांतून तो सेकंदाला १ मीटरच्या आसपासच सरकतो. एमएसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते, ते ठिकठिकाणी सोलून निघते, आणि काही ठिकाणी आतला तंतूही तुटतो. आजार बहुधा विशीत ते चाळिशीत, म्हणजे संसार आणि नोकरी ऐन भरात असताना सुरू होतो, आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे. जायकवाडीच्या कालव्याखाली ज्यांची शेती आहे, त्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळते. कालव्याचे अस्तर उखडले की पाणी वाटेतच मुरते, कालव्याच्या कडेची जमीन ओली दिसते, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची पाळी येते तेव्हा त्याच्यापर्यंत पाणी उशिरा पोचते, कमी पोचते किंवा पोचतच नाही.

या उदाहरणातील ओल हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण एमआरआयमध्ये दिसते ती खरोखरच ओल असते. हे यंत्र क्ष-किरण वापरत नाही. ते एक प्रचंड चुंबक असते. आपल्याकडे सर्रास आढळणारे १.५ टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा सुमारे ३०,००० पट तीव्र असते. शरीरातील पाण्यात जो हायड्रोजन असतो, त्याचे अणुगर्भ या क्षेत्रात एका दिशेला कलतात, रेडिओलहरींचा एक झटका देऊन त्यांना त्या स्थितीतून हलवले जाते, आणि ते पूर्ववत होताना जो क्षीण संकेत देतात त्यावरून चित्र तयार होते. मायलिन शाबूत असते तिथे पाणी थोडे आणि बांधलेले असते. ते गेले, सूज आली किंवा व्रण पडला, की त्या जागी मोकळे पाणी वाढते आणि टी-२ किंवा फ्लेअर नावाच्या चित्रमालिकेत ती जागा पांढरी चमकते. फ्लेअरची युक्ती अशी की मेंदूतील पोकळ्यांमध्ये नैसर्गिकपणे असलेल्या द्रवाचा संकेत त्यात दाबून टाकलेला असतो, त्यामुळे पोकळ्यांच्या काठालगतचे डाग लपून राहत नाहीत.

एमएसचे डाग ठरावीक जागा धरून बसतात. मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला, मेंदूच्या सालीलगत, मेंदूच्या देठात आणि लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत ते आढळतात. पोकळ्यांतून बाहेर फुटणाऱ्या बोटांसारखे लांबट डाग लहान शिरांच्या कडेने पसरलेले असतात; एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये शवविच्छेदनातून त्यांचे वर्णन केले, म्हणून आजही रिपोर्टमध्ये त्यांना डॉसनची बोटे म्हणतात. गॅडोलिनियम या चित्रात उठून दिसणाऱ्या द्रव्याचे इंजेक्शन देऊन जे चित्र काढतात, त्यात ताजे डाग उजळतात, कारण तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली संरक्षक भिंत काही आठवडे गळत असते. जुने आणि ताजे डाग एकाच वेळी दिसले, तर आजार वेगवेगळ्या काळात घडला आहे हे एकाच तपासणीत सिद्ध होते. २००१ मध्ये ठरलेले आणि पुढे अनेकदा सुधारलेले एमएसच्या निदानाचे मॅकडॉनल्ड निकष मुळात याच दोन गोष्टींवर उभे राहिले: आजार अनेक जागी आहे का आणि अनेक वेळा घडला आहे का.

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे, कारण चुकीच्या भीतीने आलेली माणसेही मी पाहते. पांढरा डाग दिसला म्हणजे एमएस झाला असे नाही. अर्धशिशी, उच्च रक्तदाब, वाढते वय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार, अशा अनेक कारणांनी डाग येतात. कोणता डाग कशाचा, हे लक्षणे, तपासणी आणि गरज पडल्यास पाठीच्या कण्यातील पाण्याची चाचणी मिळून ठरते, आणि ते मज्जाविकारतज्ज्ञानेच ठरवायचे असते.

निदानासाठी ही चित्रे अमोल आहेत. १९८१ मध्ये लंडनमध्ये एमएसच्या रुग्णांचे एमआरआय पहिल्यांदा काढले गेले, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये न दिसलेले कितीतरी डाग त्यांत दिसले, आणि आता या आजाराची मोजपट्टीच हाती आली असे अनेकांना वाटले. परंतु डागांची संख्या किंवा त्यांचे एकूण आकारमान आणि रुग्णाची प्रत्यक्ष अवस्था यांची सांगड घालायला संशोधक बसले, तेव्हा ती नीट बसेना. फिल्मभर डाग असलेला माणूस दुकान उत्तम चालवतो आणि मोजके डाग असलेल्या बाईंना हजेरीचे नाव सापडत नाही, अशी उदाहरणे सर्वत्र आढळली. ही विसंगती वैद्यकात इतकी परिचित आहे की तिला लक्षणे आणि चित्र यांमधला विरोधाभास असे नावच पडले आहे.

माझ्या मते हा विरोधाभास आपण चित्राला त्याच्या कुवतीबाहेरचा प्रश्न विचारतो म्हणून निर्माण होतो. कालव्याच्या कडेला ओल दिसली, एवढ्यावरून टेलला किती पाणी पोचते हे सांगता येत नाही. पांढरा डाग सांगतो की इथे पाणी वाढले आहे. तिथले मायलिन अर्धे गेले की पूर्ण, थोडे परत भरून आले का, आतले तंतू किती तुटले, हे त्या पांढऱ्या रंगात वाचता येत नाही. टी-१ चित्रात जे डाग कायमचे काळे दिसतात, ज्यांना कृष्णविवरे म्हणण्याची पद्धत आहे, ते तंतू तुटल्याची खूण असतात आणि म्हणून जास्त गंभीर मानले जातात. त्याहून मोठी अडचण म्हणजे, मेंदूचा आतला, मायलिनच्या तंतूंनी भरलेला म्हणून पांढरा म्हटला जाणारा भाग नेहमीच्या एमआरआयमध्ये अगदी निरोगी दिसला, तरी या आजारात तो पुष्कळदा निरोगी नसतो. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने किती सरळ सरकतात हे मोजणारी डिफ्यूजन टेन्सर पद्धत वापरली, की डागांपासून दूरच्या भागातही तंतूंची वीण सैल झालेली आढळते.

आणि मग मेंदूची साल. एमएस हा फक्त आतल्या पांढऱ्या भागाचा आजार आहे असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. प्रत्यक्षात सालीतही, म्हणजे चेतापेशी जिथे दाटीने राहतात त्या करड्या भागातही, डाग पडतात. मात्र तिथे मुळात मायलिन कमी आणि सूजही कमी, त्यामुळे सामान्य यंत्रावर ते फारसे उमटत नाहीत. खास चित्रमालिका वापरल्या किंवा ७ टेस्लाचे संशोधनातील यंत्र वापरले, तर ते अधिक संख्येने सापडतात, आणि विचारशक्तीशी त्यांचे नाते पांढऱ्या भागातील डागांपेक्षा अधिक जवळचे दिसते.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाची, करड्या पेशींच्या दोन पुंजक्यांची एक जोडी असते. इंद्रियांकडून येणारी बहुतेक माहिती सालीकडे जाताना इथून वाटली जाते आणि सालीच्या एका भागाचे दुसऱ्या भागाशी चालणारे बोलणेही बरेचसे इथूनच होते. एखादी चारी फुटली तर तिच्यावरची शेते कोरडी राहतात. जिथून सगळ्या चाऱ्यांना पाणी सुटते ते दारच गंजले, तर तक्रार सगळीकडून येते. एमएसमध्ये थॅलॅमस लवकर आणि मोठ्या प्रमाणात आक्रसतो, आणि अनेक अभ्यासांत त्याचे आकारमान हे विचारांच्या वेगाशी सर्वाधिक निगडित असलेल्या मोजमापांपैकी एक ठरले आहे. संपूर्ण मेंदूचे पाहिले, तर निरोगी प्रौढाचा मेंदू वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतो, तर उपचार न घेणाऱ्या एमएसच्या रुग्णांत हे प्रमाण ०.५ ते १.३५ टक्के असते. ही मापे संगणकाने घ्यावी लागतात, डोळ्यांना इतका सूक्ष्म फरक कळत नाही. शिवाय एक साधी गोष्ट त्यांत गोंधळ करते: शरीरातील पाणी कमी झाले की मेंदूचे मापही किंचित कमी भरते. हिंगोलीहून पहाटे निघून, वाटेत लघवीची अडचण नको म्हणून पाणी न पिता आलेल्या रुग्णाचे माप आणि दवाखान्याशेजारी राहणाऱ्याचे माप यांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे लागते.

आता त्या शिक्षिकांच्या चाचणीकडे येते. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे असतात आणि प्रत्येकाखाली १ ते ९ पैकी एक अंक असतो. खाली फक्त चिन्हांच्या ओळी असतात. रुग्णाने वरची किल्ली पाहायची आणि प्रत्येक चिन्हाचा अंक तोंडाने सांगायचा. हात थरथरत असला तरी अडत नाही, कारण लिहिण्याचे काम मी करते. वेळ ९० सेकंद. चिन्ह-अंक चाचणी या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी जगभर एमएसच्या रुग्णांसाठी वापरली जाते, आणि २०१२ मध्ये मांडल्या गेलेल्या, सुमारे १५ मिनिटांत पूर्ण होणाऱ्या बायकॅम्स या संचात तिच्याबरोबर शब्दांच्या आणि आकृत्यांच्या स्मरणाची एकेक चाचणी असते.

त्यांनी सुरुवात स्वच्छ आवाजात केली. "पाच, दोन, सात." मग प्रत्येक चिन्हाला नजर वर जाऊ लागली, ओठ हलत पण आवाज क्षणभराने येई, आणि चाळीसेक सेकंदांनंतर त्यांनी बोट कागदावर टेकवले, जसे लहान मुले वाचताना ओळ सुटू नये म्हणून टेकवतात. वेळ संपली तेव्हा त्यांचे शिक्षण आणि वय पाहता जेवढी उत्तरे अपेक्षित होती, त्याहून बरीच कमी झाली होती. मी कागद तपासला आणि त्यांच्या पतीला जवळ बोलावून दाखवला. एकही उत्तर चुकलेले नव्हते.

या आजारातील बौद्धिक अडचणीचे स्वरूप बऱ्याच अंशी त्या कागदावर आहे. भाषा शाबूत असते, जुने ज्ञान शाबूत असते, समज शाबूत असते. मंदावतो तो माहिती हाताळण्याचा वेग, आणि वेग मंदावला की नवे लक्षात ठेवणे, दोन कामे एकत्र करणे, गोंगाटात बोलणे ऐकणे हे सगळे कठीण होते. चाळीस मुलांचा वर्ग म्हणजे दर मिनिटाला येणाऱ्या नव्या चिन्हांची ओळच असते. पॅरिसच्या ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, तेव्हाच स्मरण दुबळे होणे आणि विचार सावकाश तयार होणे या दोन्ही गोष्टी त्यांनी टिपल्या होत्या. तरीही पुढे शंभरेक वर्षे बुद्धीवर परिणाम क्वचितच होतो असे मानले गेले. १९९१ मध्ये अमेरिकेतील स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी समाजातील १०० रुग्णांच्या सविस्तर चाचण्या घेतल्या आणि ४३ टक्के रुग्णांत अशी अडचण आढळली, तेव्हा हा समज खऱ्या अर्थाने मोडला.

तो समज इतका टिकण्याचे एक कारण आजार मोजण्याच्या पद्धतीतही आहे. जॉन कर्ट्झके यांची ० ते १० ची अपंगत्वाची मोजपट्टी, जी १९८३ पासून सगळीकडे वापरली जाते, तिच्यात ४ च्या पुढचे बहुतेक टप्पे माणूस किती चालू शकतो यावर ठरतात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश केला, ही मोठी गोष्ट झाली. पण जो माणूस पायऱ्या चढून कार्यालयात येतो, त्याचे डोके संध्याकाळपर्यंत किती थकते हे समोरच्या टेबलावर कोणाला दिसत नाही. म्हणून चाचणीचा लेखी अहवाल फाइलमध्ये असावा असा माझा आग्रह असतो.

त्या ९० सेकंदांत मेंदूच्या आत काय चालते, याची झलक फंक्शनल एमआरआयमधून मिळते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त जास्त जाते, आणि १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवून दिले की रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणातला हा बदल चुंबकीय चित्रात पकडता येतो. अशा यंत्रात झोपवून एमएसच्या रुग्णांना सोपे बौद्धिक काम दिले, तर ज्यांचे उत्तर निरोगी माणसाइतकेच बरोबर येते त्यांच्याही मेंदूचे अधिक भाग, विशेषतः कपाळामागचे भाग, कामाला लागलेले दिसतात. मुख्य कालवा गळत असल्यावर शेतकरी विहिरीवर मोटार लावतो, शेजाऱ्याच्या बोअरचे पाणी घेतो, आणि पीक तेवढेच काढतो. खर्च मात्र दुप्पट येतो. आजार पुढे सरकतो तसे हे जादा स्रोतही पुरेनासे होतात. या जादा हालचालीतील किती भाग भरपाईचा आणि किती विस्कळीतपणाचा, यावर संशोधकांमध्ये मतभेद आहेत, आणि ही तपासणी संशोधनासाठी आहे. एका रुग्णाला ती करून घेण्याचा सल्ला मी देत नाही. पण "साधं बसून काम केलं तरी थकवा येतो" असे रुग्ण सांगतात, तेव्हा ते खरे सांगत असतात, हे या चित्रांनी दाखवले आहे.

मराठवाड्यात याला उन्हाची जोड मिळते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते की श्रमांनंतर या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळले की खरे कारण शरीराचे वाढलेले तापमान आहे. आवरण गेलेल्या तंतूत संदेश आधीच कसाबसा पुढे सरकत असतो, आणि अर्ध्या अंशाची वाढही त्याला अडवायला पुरेशी ठरू शकते. अमेरिकेतील केसलर फाउंडेशनच्या संशोधकांना असेही आढळले की बाहेरचे तापमान जास्त असलेल्या दिवशी एमएसच्या रुग्णांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी खालावते. पारा ४२-४३ अंशांवर गेलेल्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, वीज नसताना डोके चालेनासे झाले, तर तो आजाराचा नवा झटका असेलच असे नाही. गारव्यात आल्यावर ते बहुधा पूर्ववत होते. ओला पंचा मानेवर, गार पाणी, आणि महत्त्वाची कामे सकाळी, एवढ्यानेही फरक पडतो. लक्षणे २४ तासांहून अधिक टिकली तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

सारखेच डाग असलेल्या दोन माणसांत फरक पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे आयुष्यभर साठवलेली बौद्धिक शिदोरी. जास्त शिकलेल्या, वाचणाऱ्या, मेंदूला काम देणाऱ्या माणसांत तेवढ्याच हानीचा परिणाम उशिरा दिसतो. याचीच दुसरी बाजू अशी की चाचणीचे गुण शिक्षणावरही अवलंबून असतात, आणि परदेशातील महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्यांचे सरासरी गुण चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याला लावणे हा अन्याय आहे. अशा वेळी मी रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या गुणांशी करणे पसंत करते. चिन्ह-अंक चाचणीत ४ किंवा त्याहून अधिक गुणांची घट ही लक्ष देण्याजोगी मानली जाते.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगायचे तर आजार रोखणारी औषधे नवे डाग आणि मेंदूचे आकसणे कमी करतात, म्हणून ती वेळेवर सुरू करणे आणि न सोडणे हेच बुद्धीचेही पहिले संरक्षण आहे. हरवलेली स्मरणशक्ती परत आणणारी गोळी आज नाही. सरावाचा मात्र उपयोग होतो: केसलर फाउंडेशनमध्येच ८६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लक्षात ठेवायच्या गोष्टी मनात चित्ररूपाने आणि गोष्टीच्या रूपाने गुंफण्याचे १० सत्रांचे प्रशिक्षण दिल्यावर रुग्णांचे शिकणे सुधारले. त्याआधी निराशा, अपुरी झोप, थायरॉइड आणि ब-१२ यांची तपासणी करून घ्यावी, कारण यांतले प्रत्येक कारण एकटेही डोके मंद करू शकते आणि प्रत्येकावर इलाज आहे.

त्या शिक्षिकांसाठी आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या. हजेरी पाठ म्हणायची नाही, पटावर पट्टी ठेवून एकेक नाव खाली सरकायचे. गणित पहिल्या तासाला. दोन वर्ग एकत्र बसवायची वेळ आली तर मुख्याध्यापकांना अहवाल दाखवून नकार द्यायचा, हे बोलायला त्यांना जड गेले, तेव्हा पती म्हणाले, "मी येतो संगं." निघताना त्यांनी दोन्ही फिल्म पुन्हा पाकिटात घातल्या आणि चाचणीच्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली. पुढची चाचणी जानेवारीत, सकाळी दहा वाजता ठेवली आहे, कारण मागची याच वेळी झाली होती. आदल्या रात्री मुक्कामाला यायचे, आणि सकाळी पाणी पिऊन यायचे, असे त्यांना सांगितले आहे.